रेकॉर्डर दहा हजारांचा, खर्च सोळा हजारांचा

आजीच्या ओव्या, गावचं भजन, पहाटेचे पक्षी, गिरणीतल्या जुन्या कामगाराची मुलाखत. यातलं काही नीट रेकॉर्ड करून ठेवायचं म्हणून हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर घ्यायच्या विचारात असाल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढंच ठरवा: तो लागतोच का?

तुम्हाला फक्त मुलाखती घ्यायच्या असतील, एका वेळी एकच माणूस बोलणार असेल आणि खोली शांत असेल, तर तुमचा फोन पुरतो. हजार रुपयांच्या आत वायरवाला कॉलर माइक मिळतो. तो सदऱ्याला छातीपाशी लावा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, काम झालं. खरेदी करताना दोनच गोष्टी बघा. तुमच्या फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सी पिनेचा माइक घ्या किंवा जोडणीचा तुकडा वेगळा घ्या. आणि पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा: फोनच्या माइकला तीन असतात, रेकॉर्डरच्या माइकला दोन. आज फोनसाठी घेतलेला माइक उद्या रेकॉर्डरला चालेलच असं नाही.

रेकॉर्डरवर पैसे घालायचे ते यासाठी: संगीत, खुल्या रानातले आवाज, तीन-चार तासांचं सलग रेकॉर्डिंग, किंवा दोन्ही कानांनी ऐकल्यासारखा स्टीरिओ आवाज.

किती रुपयांत काय

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. दुकानागणिक हजार-दीड हजारांचा फरक पडतो, सणाच्या सेलमध्ये त्याहून जास्त.

दीड-दोन हजारांत बिननावाचे, बोटाएवढे रेकॉर्डर मिळतात. डब्यावर ‘१५३६ केबीपीएस’ असं ठसठशीत छापलेलं असतं. या आकड्याला भुलू नका. सेकंदाला किती माहिती साठवली जाते, एवढंच त्यातून कळतं. माइक रद्दी असेल तर रद्दी आवाज मोठ्या फाइलमध्ये साठतो, इतकंच. घेऊ नका.

पाच हजारांच्या आसपास नामांकित कंपन्यांचे व्हॉइस रेकॉर्डर येतात. भाषणं, वर्ग, बैठका यांना उत्तम. बॅटरी खूप चालते, वापर सोपा. पण ते माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेले असतात. मृदंगाची थाप त्यात पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखी येते.

खरी सुरुवात दहा-बारा हजारांपासून. झूम एच१एन, त्याच्या जागी २०२४ मध्ये आलेला झूम एच१एसेन्शियल, टॅस्कॅम डीआर-०५एक्स आणि डीआर-०७एक्स ही या गटातली नावं. पहिल्यांदा घेणाऱ्या दहातल्या आठजणांचं काम इथेच भागतं. यातला मुख्य फरक माइकच्या तोंडाचा आहे. झूमचे दोन माइक एकमेकांवर तिरके बसवलेले असतात आणि समोरचं जास्त ऐकतात. समोर बसून गाणारा एकच माणूस असेल तर हे बरं. डीआर-०५एक्सचे माइक चहूबाजूंचं ऐकतात, त्यामुळे गोल करून बसलेल्या भजनी मंडळासाठी, टेबलाभोवतीच्या गप्पांसाठी तो सोयीचा. अशा माइकला वाऱ्याचा त्रासही थोडा कमी होतो. पण मागच्या रस्त्यावरची रिक्षासुद्धा त्यात तितक्याच प्रेमाने उतरते.

एच१एसेन्शियलची आणखी एक सोय: मेनूतला पर्याय तो इंग्रजीत बोलून सांगतो. दृष्टिहीन वापरणाऱ्याला हे मोलाचं आहे आणि अंधारात पक्ष्यांसाठी बसणाऱ्यालाही.

वीस हजारांच्या पुढे झूम एच४एन प्रो, एच५, एच४एसेन्शियल, टॅस्कॅम डीआर-४०एक्स. यांना एक्सएलआर पिनेचे बाहेरचे माइक जोडता येतात आणि त्या माइकना लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही मिळते. बाहेरचा माइक घेणार नसाल तर यात अडकू नका, कारण तुम्ही न वापरायच्या भोकांचे दहा हजार मोजता. घेणार असाल तर हिशेब पुढे चालू राहतो: बरा शॉटगन माइक, वायर, वारा अडवणारी केसाळ टोपी आणि स्टँड मिळून आणखी एक रेकॉर्डर होतो. तीस हजारांच्या आसपासच्या झूम एफ३ला तर स्वतःचा माइकच नाही, हे डबा उघडल्यावर कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘३२ बिट फ्लोट’ म्हणजे नक्की काय मिळतं

विक्रेता हा शब्द तुमच्यावर फेकणार, म्हणून आधीच सांगते. साध्या रेकॉर्डरवर आवाजाची पातळी आधी ठरवावी लागते. ती जास्त ठेवली आणि गाणाऱ्याने अचानक वरचा स्वर लावला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. ३२ बिट फ्लोटमध्ये ही चिंता जवळपास उरत नाही, पातळी घरी येऊन वरखाली करता येते. नवख्याला हे वरदान आहे. एच१एसेन्शियलमध्ये ते आहे, एच१एनमध्ये नाही. दोघांच्या किमतीत हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर नवाच घ्या.

पण यातून काय मिळत नाही तेही ऐका. खोलीचा घुमारा जात नाही. लांबून घेतलेला आवाज जवळ येत नाही. आणि माइकच्या स्वतःच्या सोसण्यापलीकडे, म्हणजे या छोट्या झूममध्ये १२० डेसिबलच्या वर, आवाज गेला तर तो फाटतोच. टाळ वाजवणाऱ्या वारकऱ्याच्या हाताशी रेकॉर्डर धरलात तर बिट कितीही असोत, उपयोग नाही. चार पावलं मागे सरा.

शिवाय ही फाइल प्रत्येक फोनवर उघडत नाही. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती २४ किंवा १६ बिटमध्ये बदलून घेता येते, मग ती व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवायला सोपी.

डब्यात काय नसतं

डब्यात यंत्र असतं, माहितीपत्रक असतं आणि फार तर चालवून बघण्यापुरते सेल. बाकी सगळं तुमच्या खिशातून.

मेमरी कार्ड: एच१एन, एच४एन प्रो आणि एच५ फक्त ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घेतात. दुकानदार कौतुकाने १२८ जीबीचं देईल, ते इथे चालणार नाही. ३२ जीबी पुरतं का? ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टीरिओ असं रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण एक जीबी लागतो, म्हणजे तीस तास. ३२ बिट फ्लोटमध्ये तेवीस तास. ९६ किलोहर्ट्‌झचा हट्ट धरलात तर पंधरा. ओव्या, मुलाखती, भजन यांना ४८ भरपूर झालं. कार्डं बनावट निघतात, म्हणून घरी आल्यावर संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून तपासा. मग रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. साडेचारशे-पाचशे रुपये.

केसाळ टोपी: रेकॉर्डरवाले तिला ‘डेडकॅट’ म्हणतात. ही चैनीची वस्तू नाही. स्पंजची टोपी फक्त घरात, तोंडातून सुटणाऱ्या ‘प’ आणि ‘फ’च्या फुंकरीपुरती. उघड्यावर, अगदी अंगणातही, स्पंजचा उपयोग शून्य. सह्याद्रीच्या पठारावर वारा नसलेला दिवस मिळत नाही, आणि तुम्हाला गार वाटणारी झुळूक रेकॉर्डिंगमध्ये ट्रक गेल्यासारखी ऐकू येते. तुमच्या मॉडेलच्या मापाचीच टोपी घ्या. हजार-बाराशे.

सेल: छोट्या झूमला रिमोटमध्ये घालतो ते दोन सेल लागतात, टॅस्कॅमला पेन्सिल सेल. कंपनीचा ‘दहा तास’ हा दावा चांगल्या अल्कलाइन सेलचा आहे. गावच्या टपरीवर मिळणारे साधे सेल त्याच्या जवळपासही टिकत नाहीत. चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर मिळून दीड हजार धरा. ते घातल्यावर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची खूण खोटं बोलते. मोबाइलच्या चार्जरवरही रेकॉर्डर चालतो, पण भिंतीतली वीज कधीकधी ‘हूं’ असा सूर मागे लावते. काही पॉवर बँक तर इतका कमी करंट ओढला जातोय म्हणून मध्येच बंद पडतात. सेलच बरे.

हेडफोन: वायरवाले, कान पूर्ण झाकणारे. ब्लूटूथ नको. अठराशेपर्यंत चांगले मिळतात. हेडफोन न लावता रेकॉर्ड करणं म्हणजे डोळे मिटून फोटो काढणं.

छोटा तिपाई स्टँड: पाचशे. हातात धरलेल्या रेकॉर्डरमध्ये बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते.

बेरीज करा. रेकॉर्डर साडेदहा हजार, कार्ड पाचशे, टोपी बाराशे, सेल-चार्जर दीड हजार, हेडफोन अठराशे, स्टँड पाचशे. झाले सोळा हजार. बजेट दहाच हजारांचं असेल तर महागाचा रेकॉर्डर उघडा-बोडका घेऊ नका. जुना किंवा एक पायरी खालचा घ्या, पण टोपी आणि हेडफोन सोडू नका.

दुकानात काय तपासायचं

आधी जायचं कुठे? मुंबईत ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, फोर्टातला बोरा बाजार, पुण्यात तपकीर गल्ली, शिवाय वाद्यांची आणि स्टुडिओ सामानाची मोठी दुकानं. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. जाताना स्वतःचं कार्ड, स्वतःचे सेल आणि स्वतःचे हेडफोन न्या. यामुळे दुकानदाराचीही भीड चेपते, तो डबा उघडतो.

सर्वांत शांत कोपरा शोधा. पातळी जवळजवळ पूर्ण वर करा आणि काही न बोलता ऐका. जो ‘सूंऽ’ असा आवाज येईल तो रेकॉर्डरचा स्वतःचा. प्रत्येकात तो थोडा असतोच, दोन मॉडेल एकापाठोपाठ ऐकली की फरक लगेच कळतो. पक्षी किंवा दबक्या आवाजातली गाणी घेणार असाल तर हीच परीक्षा सर्वांत महत्त्वाची. मुलाखतीच घेणार असाल तर तिला फार भाव देऊ नका. मग यंत्राच्या पाठीवर अंगठा घासा, बटणं दाबा, कार्डाचं झाकण चार वेळा उघडा. हेडफोनची पिन भोकात फिरवून खरखर येते का पाहा. शेवटी एक मिनिट दुकानातलंच बोलणं रेकॉर्ड करून कार्ड घरी न्या आणि तिथे ऐका. घाईत त्याच दिवशी घेतलंच पाहिजे असं काही नसतं.

एक बटण मात्र दुकानातच नीट समजून घ्या, कारण त्याने माझा एक दिवस नासवला. काही रेकॉर्डरवर लाल बटण एकदा दाबलं की दिवा नुसता लुकलुकतो. यंत्र तयार आहे, पण रेकॉर्डिंग सुरू झालेलं नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि सेकंद पळू लागतात. मुळशीकडच्या एका वाडीत जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आक्कांपुढे मी असा लुकलुकता दिवा चाळीस मिनिटं बघत बसले. हेडफोनमध्ये सगळं छान ऐकू येत होतं: जात्याची घरघर, बांगड्या, ओवी. कार्डावर काही नव्हतं. पुन्हा म्हणाल का, असं विचारलं तर त्या पदर झटकत म्हणाल्या, “दळान सरलं की गं. आता ओवी कुठनं यायची?”

तेव्हापासून मी दिव्याकडे बघतच नाही, सेकंदांच्या आकड्याकडे बघते. आणि सुरू झाल्यावर ‘होल्ड’ सरकवते, म्हणजे चुकून बटण दाबलं जात नाही.

त्याच दिवसाचे दोन धडे, फुकटचे. जात्याजवळ रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका. दगडाची थरथर जमिनीतून यंत्रात शिरते, म्हणून घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. आणि ‘लो कट’ हा पर्याय पंख्याची घुरघुर, वाहनांचा गुरगुराट कापतो, म्हणून एरवी चालू ठेवावा. पण जात्याचा खर्ज त्याच पट्टीत असतो, त्याच्यासोबत तोही कापला जातो. तिथे बंद करा. आणि कुठेही उपयोगी पडेल असं: माइकचं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. महागडा माइक घेण्याआधी हातभर पुढे सरकून बघा. साध्या २४ बिटच्या रेकॉर्डरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा आणि ‘ऑटो’ बंद करा. ऑटो दोन ओव्यांमधल्या शांततेत आवाज वाढवत नेतं आणि पुढची ओवी दणकन आदळते.

बिल, वॉरंटी आणि ‘ताई, थोडं कमी करतो’

रेकॉर्डरवर १८ टक्के जीएसटी आहे. दहा हजारांच्या मालावर अठराशे. म्हणून काउंटरवर हमखास ऐकू येतं, “ताई, बिल नको असेल तर अठराशे कमी होतील.” नको म्हणा. बिल गेलं की वॉरंटी गेली आणि तक्रारीचा हक्कही लंगडा झाला. उलट, डब्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा जीएसटी कुणी लावत असेल तर ते बेकायदा आहे.

बिलावर तीन गोष्टी हव्यात: दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर. तो नंबर यंत्राच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवा. डब्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं लेबल असलंच पाहिजे. ते नसेल तर माल मागच्या दाराने आलेला आहे. तो दोन हजारांनी स्वस्त पडेल, पण बिघडला की भारतातलं सर्व्हिस सेंटर हात लावणार नाही किंवा पूर्ण पैसे घेईल. ऑनलाइन घेताना वस्तूपेक्षा विक्रेत्याचं नाव आधी वाचा, परत घेतात की फक्त बदलून देतात ते बघा आणि डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा.

अमेरिकेतल्या भाचीकडून मागवायचा मोह होतो. एच१एसेन्शियल तिकडे १०० डॉलरला, एच४एसेन्शियल २०० डॉलरला बाजारात आला. ती सुट्टीत येताना पिशवीतून आणणार असेल तर जमतं. कुरिअरने मागवलात तर सीमाशुल्क, आयजीएसटी आणि वर कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क लागतं, फायदा तिथेच संपतो. आणि वॉरंटी तिकडची.

जुना किंवा भाड्याने

जुना रेकॉर्डर वाईट नाही. यात फिरणारे भाग नसतात, टेपसारखं डोकं झिजत नाही. फक्त कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या यंत्राचा सेलचा कप्पा उघडून बघा. पत्र्यावर हिरवट गंज असेल तर सोडून द्या. काही जुन्या यंत्रांचं रबरी आवरण दमट हवेत चिकट होतं, तेही तपासा. नव्याच्या किमतीच्या साठ टक्क्यांहून जास्त देऊ नका, मूळ बिल मागा.

वर्षातून एकदाच, वारीपुरता किंवा एखाद्या प्रकल्पापुरता हवा असेल तर भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात सिनेमाचं सामान भाड्याने देणारे रेकॉर्डरही देतात. आधार कार्डाची प्रत आणि अनामत लागते. विचारून घ्या: नेण्याचा आणि आणण्याचा दिवस मोजता का, रविवारचे पैसे लावता का, कार्ड-सेल-टोपी यात आहेत का, खरचटलं तर किती कापता. समजा रोजचे सातशे, तर पंधरा दिवसांत साडेदहा हजार. एवढ्यात नवा येतो. चार-पाच दिवसांचंच काम असेल तर भाडं, त्यापुढे खरेदी.

आधी परवानगी, मग लाल बटण

गाणाऱ्याची परवानगी घ्या आणि तीही रेकॉर्ड करा: नाव, गाव, तारीख आणि हे कुठे वापरायला चालेल. कॉपीराइट कायद्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही हक्क दिले आहेत आणि ते सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतात. घरच्यांसाठी ठेवणार असाल तर तोंडी होकार पुरे. यूट्यूबवर टाकणार किंवा पैसे मिळवणार असाल तर कागदावर सही घ्या आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइल दोन ठिकाणी उतरवा, एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. कार्ड त्यानंतरच पुसा. मुलाखत टाइप करून हवी असेल तर तासाभराच्या बोलण्याला किमान चार तास धरा. कुणाला काम देणार असाल तर दर रेकॉर्डिंगच्या मिनिटाला की पानाला, हे आधी लिहून घ्या. हा खर्च कुणीच बजेटमध्ये धरत नाही आणि शेवटी तोच रेकॉर्डरच्या वर जातो.

यंत्र वॉरंटीत बिघडलं आणि दुकानदार-कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सोबत बिल हवं. ते चकचकीत थर्मल कागदावर असेल तर दुकानातून बाहेर पडताच त्याचा फोटो काढा. ती शाई काही महिन्यांत उडते.